उसवलेली चाहूल

१

इंजिनियरनं वर्कशॉपचं दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थबकली. मधल्या लांब टेबलावर चटई पसरलेली होती. तिच्या पोटातल्या तारा बाहेर लोंबत होत्या, सर्किटची हिरवी पट्टी मधोमध मोडली होती, आणि सगळ्यातून अजून थेंब थेंब पाणी गळत होतं.

अशी चटई जगात एकच होती, आणि त्याच संध्याकाळी ती कॅमेऱ्यासमोर चालवून दाखवायची होती.

चटईचं नाव 'चाहूल'. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या गादीखाली ती घालायची. माणूस रोजच्या वेळेला उठला नाही किंवा पलंगावरून पडला, की घरच्यांच्या फोनवर घंटी वाजणार. कारखाना काढायला भांडवल नव्हतं आणि बँकेनं दारातूनच वाटेला लावलं होतं. म्हणून इंजिनियरनं आणि तिच्या धाकट्या भावानं क्राउडफंडिंगचा मार्ग धरला होता. इंटरनेटवर एक पान उघडायचं, लोकांना आपली गोष्ट सांगायची, ज्यांना पटेल त्यांनी आगाऊ पैसे द्यायचे, आणि वस्तू तयार झाली की आधी त्यांच्या घरी पोचवायची. मोहिमेचा आज शेवटचा दिवस होता. ठरवलेला आकडा हाताशी आला होता, पण गाठला गेला नव्हता. संध्याकाळच्या प्रात्यक्षिकावर सगळी मदार होती.

मोहीम ज्या साइटवर चालली होती तिथं इंजिनियरनं लगेच कळवलं, आणि दुपारच्या आत साइटची तपासनीस येऊन दाखल झाली. पन्नाशीची, चष्मा गळ्यात अडकवलेली, तोलूनमापून बोलणारी बाई. उमेदीची वर्षं तिनं विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासण्यात घालवली होती. या नोकरीत तिनं खोटे आजार पाहिले होते, फक्त फोटोतच चालणारी यंत्रं पाहिली होती. पान चालू ठेवायचं की गोठवायचं, हे तिला संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं.

"पोलिसांना कळवलंत?" तिनं विचारलं.

"नाही मॅडम. कळवलं तर बोभाटा होईल, आणि आज बोभाटा झाला की संपलंच सगळं." इंजिनियरचा आवाज कोरडा होता. सकाळपासून ती रडली असावी आणि आता रडणंही आटलं असावं.

तपासनीस टेबलाभोवती एक चक्कर मारून आली. बाहेर आभाळ राखाडी होतं. आतल्या उजेडात सगळ्याच वस्तू आजारी दिसत होत्या. भिंतीवर महागडी अवजारं जागच्या जागी होती. कॉम्प्युटर शाबूत होता, त्यात चटईचे सगळे आराखडे होते. टेबलाखाली वर्तमानपत्रं अंथरलेली होती, पाणी फरशीवर जाऊ नये म्हणून. दाराजवळचं मेन स्विच बंद होतं.

"हे तुम्ही बंद केलंत?"

"नाही. मी आले तेव्हा बंदच होतं."

"आणि कुलूप?"

"लावलेलं होतं. मी किल्लीनंच उघडलं." बोलता बोलता इंजिनियरला स्वतःच्याच वाक्याचा अर्थ कळला असावा. ती मटकन स्टुलावर बसली. "किल्ल्या चारच जणांकडे आहेत. मी, माझा भाऊ, फिटर, आणि वरच्या काकू. म्हणजे आमच्यातलाच कुणीतरी."

२

धाकटा भाऊ मागच्या खोलीत कॅमेऱ्याचे दिवे परत खोक्यात भरत होता. तरतरीत पोरगा, पण डोळ्यांखाली काळं पडलेलं. मोहिमेचा सगळा डोलारा यानंच उभा केला होता, आणि त्याबद्दल विचारलं तसा तो घडाघडा बोलायला लागला.

"पहिले काही दिवस ओळखीपाळखीचे लोक पैसे देतात मॅडम. आते, मावशी, कॉलेजातले मित्र. म्हणून पान उघडायच्या आधीच शंभर जणांना फोन करून ठेवले होते. सुरुवातीलाच पान रिकामं दिसलं तर परका माणूस खिशात हात घालत नाही. मग मध्ये एक मरगळ येते. कुणी फिरकत नाही. तिथंच निम्म्या मोहिमा झोपतात."

"तुमची कशी उठली?"

"काकूंच्या व्हिडिओनं." त्याचा चेहरा क्षणभर उजळला. "वरच्या काकू, आमच्या घरमालकीण. चाहूल सगळ्यात आधी त्यांच्याच गादीखाली घातली होती. चाचणी चालू असताना त्या खरंच पडल्या. ताई सुटे भाग आणायला बाहेरगावी गेली होती. घंटी माझ्या फोनला जोडलेली होती. तो वाजला, मी धावत गेलो, लगेच उचललं त्यांना. हीच गोष्ट त्यांनी पुढं कॅमेऱ्यासमोर सांगितली. लोक रडले मॅडम! त्यानंतर जे पैसे यायला लागले ते थांबलेच नाहीत. मी एकेका माणसाला उत्तर दिलंय. आलेले निरोप रोज काकूंना वाचून दाखवतो."

"आमचीच साइट का निवडलीत?"

खोक्याची चिकटपट्टी ओढणारा त्याचा हात थांबला. "आधी दुसरीवर जाणार होतो. ताईनं तर ठरवूनच टाकलं होतं. पण तिथं आकडा पूर्ण झाला नाही तर सगळ्यांचे पैसे परत जातात, आपल्या हाती भोपळा. तुमच्याकडे जमतील तेवढे आपले. शिवाय त्यांची फी जास्त आहे."

तपासनीसनं चष्मा पुसला. त्या साइटची फी कमी होती, हे तिला पाठ होतं. दुसराही एक फरक तिला माहीत होता. ती साइट पान उघडण्याआधी आपली माणसं पाठवायची आणि वस्तू खऱ्या घरांत वापरून बघायची. तिची स्वतःची साइट तेवढ्या खोलात जात नव्हती, आणि याची तिला अधूनमधून लाजही वाटायची.

"कुणावर संशय?"

"फिटरवर," तो पटकन म्हणाला. "काल दुपारी ताईशी कडाकडा भांडला तो. म्हणाला, तुमच्या चटईला आग लागो."

३

फिटर मागच्या अंगणात पालथ्या बादलीवर बसला होता. दाढी वाढलेली, हात सोल्डरिंगनं भाजलेले.

"म्हणालो," त्यानं लगेच कबूल केलं. "तिच्यातला एकेक जोड मी केलाय. त्यांच्या पानावर बघा, काकूंचा फोटो आहे, दोघा भावंडांचा आहे, खिडकीतल्या मांजराचासुद्धा आहे. मी कुठंय? मांजरानं सोल्डर केलं का?"

"मग राग काढलात चटईवर?"

"काल संध्याकाळी मी दुसऱ्या कारखान्यात नोकरी मागायला गेलो होतो. तिथल्या मॅनेजरला विचारा. नाही म्हणाला, तेही विचारा." त्यानं वर्कशॉपच्या दाराकडे मान वळवली. मग म्हणाला, "बाई, तुम्ही ती चटई नीट बघितलीत का?"

"तुम्ही सांगा."

"मला ती मोडायची असती तर चाकू घेऊन मधोमध फाडली असती. दोन घाव आणि काम तमाम. पण वरचं कापड कुठं फाटलंय? शिवण उसवलीय. टाका टाका करून. मग आतलं बाहेर काढून मोडलं, भिजवलं. कापड जसंच्या तसं आहे, पुन्हा वापरता येईल."

तपासनीस आत गेली. टेबलावरचं कापड तिनं खिडकीच्या उजेडात धरलं. फिटरचं खरं होतं. धाग्याचे तुकडे सारख्या अंतरावर तोडलेले होते आणि कापडाला एक चीर गेलेली नव्हती. रागानं आंधळा झालेला माणूस शिवण उसवत बसत नाही. तो वर्तमानपत्र अंथरत नाही, मेन स्विच बंद करत नाही.

चोरी म्हणावी, तर चोरानं सर्किट मोडलं नसतं, नेलं असतं. स्पर्धक म्हणावा, तर त्यानं कॉम्प्युटरला हात लावल्याशिवाय पाय काढला नसता.

"नवी चटई करायला किती वेळ लागेल?" तिनं इंजिनियरला विचारलं.

"आठवडाभर. आराखडे आहेत, फिटर आहे. चटईचं काही नाही मॅडम, नवी होईल. आजचा दिवस मात्र गेला."

तपासनीस जागीच थांबली. ज्यानं हे केलं त्याला चटई नकोशी नव्हती. त्याला फक्त आजचा दिवस घालवायचा होता.

४

वर जायचा जिना अरुंद आणि अंधारा होता. काकूंची खोली एकच, पण लख्ख. खिडकीशी शिवणयंत्र, त्यावर झाकण. काकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या. दोन्ही कोपरांना पट्ट्या होत्या, आणि पायात मऊ मोजा एकाच बाजूला, त्याच्या टाचेवर आतून पट्टीचा फुगवटा.

"बसा," त्या म्हणाल्या. "चहा टाकला असता, पण उठले की टाच ठणकते."

"काय झालंय टाचेला?"

"पडले होते ना मी. व्हिडिओत सांगितलंय सगळं." आणि विचारायच्या आत त्यांनी सांगायला सुरुवात केली. "मी पलंगाजवळ पडले. माझ्या चाहूलनं लगेच घंटी वाजवली. दोन मिनिटांत पोरगा दारात हजर. आज मी तुमच्यासमोर आहे ती चाहूलमुळं." व्हिडिओतलेच शब्द, त्याच क्रमानं. शाळेतलं पोर कविता म्हणून दाखवतं तसे. फक्त या खेपेला त्या तपासनीसकडे न बघता भिंतीकडे बघत होत्या.

"कधीची गोष्ट?"

"मोहीम सुरू व्हायच्या आधीची. झाला महिना उलटून."

"आणि जखमा अजून ओल्या आहेत."

"म्हातारं कातडं, बाई. लवकर भरत नाही."

तपासनीसची नजर शिवणयंत्राकडे गेली. "चटईची खोळ तुम्हीच शिवलीत का?"

"हो. आयुष्यभर हेच केलं. नवरा गेल्यावर याच यंत्रावर घर चालवलं. ती पोर चांगली आहे हो. भाडेकरू म्हणून आली, पण दोन्ही वेळा डोकावल्याशिवाय जात नाही. चटई केली तीसुद्धा माझ्याचसाठी." काकूंचे हात पांघरुणाची कड चाचपत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, "आता चटई नाही, म्हणजे आजचा कार्यक्रमही नाही. आकडा काही पूर्ण होत नाही. हो ना?"

"बहुतेक नाही."

"मग सगळ्यांचे पैसे ज्याचे त्याला परत जातील. पोरीनं मला सुरुवातीलाच वाचून दाखवलं होतं, तसाच नियम आहे." त्यांनी सुस्कारा सोडला. "कुणाचं काही बुडणार नाही."

तपासनीस उठली. दारापर्यंत गेली आणि तिथूनच तिनं खाली हाक मारली, "तिघंही वर या. आत्ता."

५

खोली तिघांच्या येण्यानं भरून गेली. इंजिनियर काकूंच्या पायथ्याशी बसली. धाकटा दाराला टेकला. फिटर उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"हे कुणी केलं ते चटईनंच सांगितलंय," तपासनीस म्हणाली. "नुकसान होऊ नये म्हणून एवढी काळजी घेणारा माणूस वैरी नव्हे. त्याला चटई मोडायची नव्हती, मोहीम पाडायची होती. पण मोहीम पाडून मिळणार काय होतं? आमच्या साइटवर आकडा गाठला नाही तरी जमलेले पैसे तुमचेच राहतात. हे तुम्हाला माहीत होतं?" तिनं इंजिनियरला विचारलं.

"हो. साइट बदलली तेव्हा सही मीच केली."

"फिटर, तुम्हाला?"

"माहीत होतं. माझा पगार त्यातूनच निघणार होता."

"म्हणजे तुम्हा तिघांपैकी कुणी हे केलं असतं तर ते फुकट गेलं असतं. मोहीम पाडायला निघालेल्या माणसाला पक्कं वाटत होतं की ती पडली की सगळ्यांचे पैसे परत जातील. हा नियम पहिल्या साइटचा. साइट बदलली हे ज्याला कुणी सांगितलंच नाही, असं इथं एकच माणूस आहे. आणि तेच माणूस शिवण फाडत नाही, उसवतं."

कुणी काकूंकडे बघितलं नाही. काकूंनीच मान वर केली.

"परत जाणार नाहीत?" त्यांचा आवाज चिरकला. "पैसे परत जाणार नाहीत?"

"काकू!" इंजिनियर ओरडली. "तुम्ही? अहो, का?"

"त्यांना आत्ता विचारू नका," तपासनीस म्हणाली. "आधी यांच्या टाचेबद्दल विचारा. मी विमा कंपनीत होते तेव्हा अशा जखमा पुष्कळ पाहिल्या. पडल्यावर माणसाचं मनगट मोडतं, खुबा मोडतो, कपाळ फुटतं. टाच आणि दोन्ही कोपरं एकदम चिघळत नाहीत. ती चिघळतात कडक जमिनीवर उताणं पडून राहिल्यावर. दोन मिनिटं नव्हे, तासन्‌तास." ती दाराकडे वळली. "तुमचा फोन वाजलाच नव्हता ना?"

धाकट्याचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणूनच साइट बदललीत. पहिल्या साइटची माणसं चटई वापरून बघायला इथं आली असती, काकूंशी बोलली असती. फी हे नुसतं सांगायला कारण."

"मी संध्याकाळी सहज वर आलो," धाकटा शेवटी म्हणाला. त्याचा आवाज खोल गेला होता. "त्या बाथरूमच्या दारात पडल्या होत्या. सकाळपासून. ताई, मी तुला सांगणार होतो. खरंच. पण तू बाहेरगावाहून आलीस ती इतकी खुशीत होतीस... सुटे भाग स्वस्तात मिळाले म्हणून नाचत होतीस. मला वाटलं, एखादी तार सुटली असेल, पुढं दुरुस्त होईल. काकूंच्या पाया पडलो मी. म्हटलं, ताईचं स्वप्न मोडेल."

"तार सुटली नव्हती रे बाबा," काकू म्हणाल्या. "चटईला वाटलं, मी उठले. आणि उठलेच होते की मी! रोजच्या वेळेला उठले, चार पावलं चालले आणि मग पडले. पुढचं त्या चटईला कुठून कळणार?"

इंजिनियरच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. तार सुटली असती तर जोडता आली असती. उठून चालताना पडणारा माणूस तिच्या मुळातल्या कल्पनेतच नव्हता.

"खोटं बोलले मी," काकू पुढं म्हणाल्या. "तुझ्यासाठी बोलले. वाटलं, चार लोक बघतील आणि विसरून जातील. पण हा रोज निरोप वाचून दाखवायचा. परवा एकाचा निरोप वाचला. आईला एकटं ठेवायचा धीर होत नव्हता म्हणे. काकूंचा व्हिडिओ बघितला आणि लांबची नोकरी घेतली. काकूंना नमस्कार सांगा, म्हणून लिहिलंय. नमस्कार! रात्रभर ती माऊली माझ्या डोळ्यांसमोर होती. खरं सांगितलं तर हा पोरगा तुरुंगात जाईल, तुझ्या तोंडाला काळं लागेल. म्हटलं, मोहीमच पडू दे. ज्याचे पैसे त्याला जातील आणि कुणाला काही कळायचं नाही. काल तुम्ही दिवे आणायला गेलात तेव्हा कठडा धरून उतरले. टाचेतून कळा येत होत्या."

मग इंजिनियर उठली आणि भावासमोर जाऊन उभी राहिली. ती मारणार असं तपासनीसला वाटलं.

"ते दिवे परत खोक्यातून काढ," ती म्हणाली. "कार्यक्रम होणार आहे."

६

संध्याकाळी ठरल्या वेळेला इंजिनियर कॅमेऱ्यासमोर बसली. समोर टेबलावर तीच ओली चटई. तिनं नट्टापट्टा केला नाही की कागदही हातात घेतला नाही.

"चाहूल चालत नाही," ती म्हणाली. "काकू पडल्या तेव्हा ती वाजली नव्हती. आम्ही तुम्हाला खोटं सांगितलं. जिचं नाव पानावर आहे ती मी आहे, त्यामुळे हे खोटं माझं आहे. कुणी या चटईच्या भरवशावर आईवडिलांना एकटं ठेवणार असेल तर कृपा करून ठेवू नका. तुमचे सगळ्यांचे पैसे परत येतील."

पडद्याच्या कडेनं निरोप सरसर वर सरकत होते. शिव्या होत्या, शाप होते. कुणी 'चोर' एवढंच लिहीत होतं, पुन्हा पुन्हा. ज्यानं लांबची नोकरी घेतली होती त्यानं विचारलं, 'मग आता मी आईचं काय करू?' इंजिनियरनं तो प्रश्न मोठ्यानं वाचला. "मला माहीत नाही," ती म्हणाली.

तपासनीसनं पान गोठवलं आणि पैसे परत पाठवायचा हुकूम टाकला. अहवालात तिनं भावाचं नाव लिहिलं, काकूंचंही लिहिलं, आणि आपल्या साइटनं चटई एकदाही वापरून बघितली नव्हती, हेही लिहिलं. तिच्या वरिष्ठांना ते आवडणार नव्हतं. धाकटा बॅग भरून मागच्या दारानं निघून गेला. ताईनं त्याला अडवलं नाही, आणि तो गेल्यावर दारही लावलं नाही.

निघण्यापूर्वी काकूंचा निरोप घ्यावा म्हणून तपासनीस जिना चढली. वरच्या पायरीवर फिटर उभा होता. त्यानं तोंडावर बोट ठेवलं. आतून दोघींचा आवाज येत होता.

"आता खरं सांगा काकू. पहिल्यापासून. कशा पडलात?"

"पाय सरकला. उताणीच पडले. कूस बदलता येईना."

"हात कुठपर्यंत पोचत होता?"

"दाराच्या चौकटीपर्यंत. चौकटीवर मारून बघितलं, पण जोरच नव्हता."

"हाका मारल्यात?"

"मारल्या की. खाली फिटर एकटाच काम करत होता त्या दिवशी. त्याचा रेडिओ चालू होता. मला वाटायचं, हे गाणं संपलं की मधे जरा शांत होईल, तेव्हा जोरात हाक मारू. म्हणून मी दम साठवून ठेवायची. पण गाणं संपलं की लगेच दुसरं लागायचं."

जिन्यात फिटरनं भिंतीला हात टेकला आणि तो हळूहळू पायरीवर बसला.